भिंत आधी की वस्ती आधी?

परवा सकाळी चहा गाळत होते आणि मोबाईल किणकिणला. नातवाचा निरोप. "आजी, तुझी राजधानी घेतली. सॉरी हं!" चहा तसाच ठेवून मी चष्मा शोधायला लागले. तेवढ्यात शेजारच्या वहिनी कढीपत्ता मागायला आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं हो? कुणाचं काही...?" मी म्हटलं, "राजधानी गेली." त्या बिचाऱ्या जास्तच घाबरल्या. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत चहा कोमट झाला. पण समजावताना माझ्या लक्षात आलं, की या खेळाने गेल्या वर्षभरात मला जे काही दाखवलं ते मी कुणाशी नीट बोललेलेच नाही. म्हणून आज लिहायला बसले.

मी पंचाहत्तरीची बाई. बी.ए. झाले ते मराठी माध्यमातून, आणि मग ३६ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इतिहास आणि मराठी शिकवलं. २००८ साली निवृत्त झाले. खेळ म्हणाल तर सागरगोटे, पत्ते आणि फार तर 'व्यापार'. नातू टोरांटोला शिकतो. गेल्या मे महिन्यात सुट्टीत आला होता, तेव्हा दुपारचा माझ्या शेजारी पडून फोनवर काहीतरी खेळत असायचा. मी म्हटलं, "काय रे सारखं खुडखुड करतोस?" तर म्हणाला, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग हे तुला जमेल." आणि जाण्याआधी माझ्या फोनवर तो खेळ चढवून गेला.

खेळाचं नाव 'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया'. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या मिडजिवान नावाच्या कंपनीचा. २०१६ साली मोबाईलवर आला. मारामारीचे खेळ असतात तसा धडाधड बटणं दाबायचा हा खेळ नाही, म्हणून तर माझ्या वाट्याला आला. बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा. मी माझी खेळी करायची, मग त्याने त्याची. आम्ही चोवीस तासांची मुदत ठेवली आहे. त्याच्या आणि माझ्या घड्याळात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. मी सकाळी देवपूजा आटोपून खेळी करते, त्याची रात्र असते. तो झोपण्याआधी त्याची करतो. त्यामुळे खेळ राहिला बाजूला, निदान तो जेवून वेळेवर झोपला की नाही एवढं मला रोज कळतं!

आता थोडं खेळाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही खेळतो तो सगळ्यात लहान पट, अकरा गुणिले अकरा, म्हणजे १२१ चौकोन. सुरुवातीला जवळजवळ सगळा पट ढगांनी झाकलेला. मध्ये कुठेतरी तुमची राजधानी, एक शिपाई आणि पाच तारे. तारे म्हणजे पैसे. दर खेळीला राजधानी दोन तारे देते. ढगांखाली कुठे डोंगर, कुठे जंगल, कुठे पाणी आणि मधूनमधून कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या वस्त्या. वस्तीवर आपला शिपाई नेऊन उभा करायचा, पुढच्या खेळीला ती वस्ती आपली होते आणि तीही मग तारे द्यायला लागते. त्याच ढगांखाली कुठेतरी समोरचाही हेच करत असतो. तो कुठे आहे ते आपल्याला दिसत नाही. आम्ही खेळतो त्या प्रकारात समोरच्याची राजधानी घेतली की डाव संपला.

सुरुवातीला आपली टोळी निवडायची असते. नातवाने मला 'बार्दूर' निवडायला सांगितलं. थंड जंगलातली, अस्वलासारखी दिसणारी माणसं, आणि त्यांना येणारी पहिली विद्या शिकार! मी जन्मभर शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा न खाणारी, आणि माझी टोळी पहिल्याच खेळीला दोन जनावरं मारते. पण करणार काय, हिशेबच तसा आहे. एका शिकारीला दोन तारे लागतात. दोन शिकारी केल्या की चार तारे गेले, पण राजधानी एका पायरीने मोठी होते. मोठी झाली की खेळ विचारतो, कार्यशाळा हवी की वाटाड्या? कार्यशाळा घेतली तर दर खेळीला एक तारा जास्त मिळतो. वाटाड्या घेतला तर तो ढगांमधून फिरून मुलूख दाखवून येतो. मी नेहमी कार्यशाळा घेते. पगाराची माणसं आम्ही.

पहिले अकरा डाव मी ओळीने हरले.

आणि सगळे एकाच पद्धतीने हरले. माझं डोकं असं चालायचं: राजधानी गेली की सगळं गेलं, मग आधी राजधानी सांभाळू. शिपाई दोन ताऱ्यांना मिळतो. मी शिपाई तयार करायची आणि राजधानीभोवती उभे करायची. एक जवळची वस्ती घ्यायची, तीही भीत भीत. राजधानी तिसऱ्या पायरीला गेली की खेळ पुन्हा विचारतो, तटबंदी हवी की रोख पाच तारे? मी आनंदाने तटबंदी घ्यायची. नुसत्या शहरात उभ्या असलेल्या शिपायाचा बचाव दीडपट होतो, तट असेल तर चौपट. चौपट! मला वाटायचं, आता या कार्ट्याला येऊ दे कसा येतो ते.

तो यायचाच नाही. पाच खेळ्या, सात खेळ्या, दहा खेळ्या. माझे शिपाई तटाच्या आत उभे, ढगांकडे बघत. आणि मग एके दिवशी तो यायचा तो दगड फेकणारी यंत्रं घेऊन. ती तीन चौकोनांवरून मारा करतात. माझा शिपाई बाहेर पडला तर मरणार आणि आत राहिला तर हळूहळू मरणार. त्यामागून एक प्रचंड राक्षस यायचा, त्याचं बळ चाळीस आणि माझ्या शिपायाचं दहा. डाव संपला की पूर्ण पट दिसतो. मी बघायची तर माझी दोन गावं, त्याची पाच. एकदा कागदावर हिशेब मांडला. मला खेळीला सहा तारे मिळत होते आणि त्याला तेरा. दहा खेळ्यांत त्याने माझ्यापेक्षा सत्तर तारे जास्त मिळवले. सत्तर ताऱ्यांसमोर चौपट भिंत काय करणार!

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. नवशिक्याचं असंच होतं, वर्गातही बघितलंय. 'निबंध लांबवू नका' म्हटलं की मुलं चार ओळींत संपवतात. मी सगळे शिपाई चारी दिशांना पाठवले. एक वस्ती, दुसरी वस्ती, तिसरी... सहा गावं झाली माझी! नातवाला कळवलंसुद्धा, "आता बघ." त्याचा हसरा चेहरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर माझ्या राजधानीत त्याचा घोडेस्वार उभा. एकटा. घोडेस्वार एका खेळीत दोन चौकोन जातो. तो माझ्या दोन गावांच्या मधून निवांत चालत आला होता, कारण वाटेत कुणीच नव्हतं. शत्रू शहरात उभा राहिला की त्या शहराचं उत्पन्न बंद आणि तिथे नवा शिपाईही तयार करता येत नाही. आपल्याकडे एकच खेळी असते, तेवढ्यात त्याला मारलं तर वाचलो. माझा सगळ्यात जवळचा शिपाई चार चौकोन लांब होता. शिपाई एका खेळीत एकच चौकोन चालतो. मी फोनकडे बघत बसले. सहा गावांची मालकीण, आणि करण्यासारखं काहीच नाही.

शिवाय हे फार पसरणं फुकटही नसतं. या खेळात गावं वाढली की नवी विद्या महाग होते. एक गाव असताना सोपी विद्या पाच ताऱ्यांना मिळते, चार गावं झाली की तीच आठ ताऱ्यांना. वरच्या पायरीची तर एका गावाला सहा आणि चार गावांना बारा. घर वाढलं की शिक्षणाचा खर्च वाढतो, हे शिक्षिकेला कुणी सांगायला नको. पण खेळातसुद्धा?

त्या रविवारी नातवाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, आत बसले तरी हरते, बाहेर गेले तरी हरते. नक्की करू तरी काय?" तो म्हणाला, "आजी, तू शिपायांचे दोन गट करतेस. हे जिंकायचे आणि हे राखायचे. असे दोन गट नसतातच. एकच शिपाई असतो, तो कुठे उभा आहे त्यावर ठरतं." मग त्याने कागदावर चौकोन आखून कॅमेऱ्यासमोर धरला आणि तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी, की सुरुवातीच्या खेळ्यांत कुणीच येऊ शकत नाही. अंतरच तेवढं असतं. मध्ये जंगल लागलं की घोड्याचीही चाल तिथे थांबते, आणि चढायची विद्या नसेल तर डोंगर ओलांडता येत नाही. "पहिल्या पाच खेळ्यांत तुझा शिपाई घरात दिसला ना, की समज पैसे कपाटात पडून आहेत." दुसरी अशी, की शत्रूच्या शिपायाशेजारच्या चौकोनात पाऊल पडलं की चालणाऱ्याला तिथेच थांबावं लागतं. म्हणजे वाटेवर उभा असलेला एक शिपाई दोन्ही बाजूंची वाट अडवतो. घरात उभा असलेला फक्त घर अडवतो. आणि तिसरी, जी मला सगळ्यात पटली: सगळी गावं राखायची नसतात. शत्रू पुढच्या दोन खेळ्यांत पोचू शकेल तेवढीच राखायची. त्यासाठी तो कुठे आहे ते दिसायला हवं, आणि ते घरातून दिसत नाही.

मला एकदम प्रतापगड आठवला. आमच्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी तिकडे जायची. मुलं बुरुजावर वडापाव खायची आणि मी माहिती सांगायची. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली आणि लगेच तिथे, पार घाटावर नजर ठेवणाऱ्या त्या डोंगरावर, मोरोपंत पिंगळ्यांकडून किल्ला बांधून घेतला. राजधानी होती राजगड. तटबंदी करायची तर राजगडाची अजून बळकट करता आली असती. पण नवा मुलूख घेतला आणि त्याच मुलुखाच्या वाटेवर किल्ला उभा केला. १० नोव्हेंबर १६५९ ला अफजलखानाची भेट झाली ती प्रतापगडाच्या पायथ्याशी, राजगडाच्या नाही. हे सगळं मी ३६ वर्षं शिकवलं. पण फळ्यावर लिहायचे काय? 'मुद्दा क्रमांक एक, राज्यविस्तार. मुद्दा क्रमांक दोन, संरक्षणव्यवस्था.' दोन वेगळे मुद्दे, प्रत्येकी दोन गुण. जावळी पहिल्यात आणि प्रतापगड दुसऱ्यात! तीन वर्षांत घडलेली एकच गोष्ट मी मुलांना मधून चिरून दिली, आणि ते मला कळलं नातवाच्या हातातल्या चौकोनी कागदावरून.

असो. मग मी शेजारच्या मुलाकडून आलेखाची वही मागून घेतली. आता प्रत्येक डाव वहीत मांडते. ढग उघडतील तसे चौकोन रंगवते. हिरवा म्हणजे जंगल, तपकिरी म्हणजे डोंगर. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही तर अगदी पेपर तपासायला बसल्यासारख्या बसता."

तेविसावा डाव मी जिंकले. सांगू का? सांगतेच.

पहिल्या खेळीला दोन शिकारी, कार्यशाळा. दुसऱ्या खेळीपासून जो शिपाई तयार होईल तो बाहेर. एक उत्तरेला, एक पूर्वेला. राजधानी रिकामी. पाचव्या खेळीला माझी तीन गावं झाली होती. त्याच वेळी मी चढायची विद्या घेतली आणि पूर्वेचा शिपाई वस्तीत न ठेवता पुढच्या डोंगरावर चढवला. डोंगरावरून जास्त लांबचं दिसतं. सहाव्या खेळीला त्याला ढगांच्या कडेला घोडेस्वार दिसला.

इथे माझ्या छातीत धडधडायला लागलं. खरं सांगते, खोटं नाही. राजधानीत एकही माणूस नाही. हातात तारे होते. जुन्या सवयीने बोट राजधानीकडे गेलं, शिपाई कर, आत उभा कर, दार लाव. पण वही समोर होती. मी चौकोन मोजले. घोडेस्वाराला राजधानीकडे यायचं तर डोंगराजवळून यावं लागणार, आणि तिथे माझा माणूस होता. दुसरी वाट मधल्या गावावरून. मी त्या मधल्या गावात तीन ताऱ्यांचा ढालवाला तयार केला आणि राजधानी रिकामीच ठेवून खेळी संपवली.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. हसू नका! फोनमधलं गाव, त्यात खोटी घरं, खोटे लोक. पण मी उठून दोनदा पाणी प्यायले. दार लावलंय की नाही ते बघून आले, आमच्या घराचं दार. सकाळी बघितलं तर घोडेस्वार माझ्या डोंगराशेजारी येऊन थांबला होता. थांबावंच लागलं त्याला. पुढच्या खेळीला मी डोंगरावरून त्याच्यावर हल्ला केला, त्याच्या पुढच्या खेळीला तो मागे गेला. मग मला चौथं गाव मिळालं, पाचवं मिळालं. तटबंदी मी घेतली, पण फक्त त्या मधल्या गावाला. एकोणिसाव्या खेळीला त्याची राजधानी पडली. नातवाने टाळ्यांच्या चित्रांची माळ पाठवली आणि खाली लिहिलं, "आजी, तू राजधानी रिकामी ठेवलीस??? तू???"

ते 'तू' मला लागलं. त्याच्या मनात काही नव्हतं. पण आमच्या घरात आजी म्हणजे काय ते त्यालाही माहीत आहे, एवढं मला कळलं.

हे गेले १९८७ साली. मी ३७ वर्षांची, मुलगा अकराचा. पहिलं वर्ष खरंच कठीण गेलं. घरावर कर्ज होतं. १९८८ साली दिरांनी घरात वाटा मागितला, वकिलाकडे खेपा झाल्या. तेव्हा मी भिंत बांधली त्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. शत्रू दिसत होता, वाटेवर होता. पण वर्षभरात तो वाद मिटला. नंतर दीर-जाऊ दिवाळीला फराळाचा डबा पाठवायला लागले. पुढे चार वर्षांत कर्जही फिटलं. भिंत मात्र तशीच राहिली.

१९८९ साली संस्थेने मला दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं, मुलाची शाळा. खरं कारण, इथलं घर रिकामं राहील. १९९४ साली मुलगा बारावी झाला. गुण चांगले पडले होते, पुण्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळत होता. त्याने फॉर्म आणला होता, तो ट्रंकेवर कित्येक दिवस पडून होता. मी म्हटलं, "इथलं कॉलेज काय वाईट आहे? बी.एस्सी. कर. पुण्याचा खर्च आपल्याला झेपायचा नाही." त्याने वाद घातला नाही. अकराव्या वर्षापासून आईला सांभाळणारा मुलगा वाद कसा घालणार? बी.एस्सी. झाला, आणि १९९८ मध्ये नोकरीसाठी शेवटी पुण्यालाच गेला. इंजिनीअर झालेल्या त्याच्याच वर्गमित्रांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली त्याने. कधी बोलून दाखवलं नाही.

आणि पैसे? पोस्टात रिकरिंग होतं. अडीअडचणीसाठी. मी दर महिन्याला न चुकता भरत होते. ते पुरलं असतं. ओढाताण झाली असती, पण पुरलं असतं. ती अडचण कधी आलीच नाही. निवृत्तीपर्यंत ते पैसे कपाटात, म्हणजे पोस्टात, तसेच उभे राहिले. माझ्या तटाआड ढगांकडे बघत उभ्या असलेल्या शिपायांसारखे.

२०२३ साली नातवाने परदेशी शिकायचं काढलं, तेव्हा मुलगा मला सांगायला इकडे आला होता. शैक्षणिक कर्ज काढणार म्हणाला. मी विचारलं, "एवढं कर्ज? एकुलता एक मुलगा एवढ्या लांब?" तो खाली बघून म्हणाला, "मी त्याच्या आड येणार नाही, आई." आवाज चढवला नाही. मी त्या दिवशी भाजी निवडत होते, निवडतच राहिले. त्या वाक्यातला 'मी' कुणाला उद्देशून होता ते मला तेव्हाच कळलं होतं. पण कळलं असं दाखवलं नाही.

खेळ म्हणजे आयुष्य वगैरे म्हणायचा माझा विचार नाही. खेळात डाव हरला तर दुसरा मांडता येतो, मी ३४ डाव मांडले आहेत आणि त्यातले तीन जिंकले आहेत. आयुष्यात विधवा बाईने १९८७ साली घाबरायला नको होतं असं ज्याला म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं, मी म्हणणार नाही. मला जे कळलं ते एवढंच, की मी चुकले ते भिंत बांधण्यात नाही. नंतर एकदाही डोंगरावर माणूस पाठवून बघितलं नाही, की बाबा, अजून कुणी येतंय का? तेवढा एक शिपाई बाहेर असता तर १९९४ साली मला दिसलं असतं, की समोर लांबपर्यंत कुणीही नाही.

तेविसावा डाव जिंकल्यावर दोन-चार दिवसांनी मुलाचा नेहमीचा फोन आला. औषधं घेतलीस का, गॅसचा नंबर लावला का, ते सगळं झालं. मग मी म्हटलं, "तुला तेव्हा पुण्याला पाठवायला हवं होतं रे मी." मध्ये काहीच प्रस्तावना केली नाही. करायला गेले असते तर राहूनच गेलं असतं.

तो थोडा वेळ गप्प होता. मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "अगं, तेव्हा पैसे तरी कुठे होते आपल्याकडे."

पोस्टाचं पासबुक भरून आणायला मी त्यालाच पाठवायची. दर महिन्याला. आकडा त्याला माझ्याइतकाच पाठ होता.

मी "हो" म्हटलं. त्यानेही विषय बदलला, गुडघ्याच्या तेलाचं काहीतरी विचारलं. पण त्या रविवारी तो अचानक इकडे आला, एकटाच. दुपारभर माझी आलेखाची वही चाळत बसला आणि म्हणाला, "हा डोंगर इथे सोडायला नको होता तू." मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" तर हसला. बापलेक एकमेकांत कधीपासून खेळतात हे मला त्या दिवशी कळलं!

तर परवा गेली ती राजधानी चौतिसाव्या डावातली. चूक माझीच. पाच गावं झाली, छान चाललं होतं, आणि पश्चिमेचा शिपाई मी एक खेळी उशिरा वळवला. एकच खेळी. पुढे कधी जायचं हे आता बऱ्यापैकी जमतं. मागे कधी वळायचं ते अजून चुकतं. जुनी सवय मोडताना माणूस जरा जास्तच मोडतो बहुतेक.

पस्तिसावा मांडलाय. दोन शिकारी झाल्या, कार्यशाळा घेतली, पहिला शिपाई उत्तरेला निघालाय. टोरांटोत आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, त्याची खेळी अजून आलेली नाही. आली की झोपला म्हणायचं.